परशुराम कासाराचा मंगळ

कल्याणच्या पेठेत परशुराम कासाराचं दुकान होतं. दुकान कसलं, एक ओटा आणि त्यामागं राहती खोली. ओट्यावर बायका बसायच्या आणि परशुराम त्यांना बांगड्या भरायचा. बाईचा हात हातात घ्यायचा, अंगठा तळव्यात दाबायचा, बोटं जुळवायची आणि "हं, आता इकडं बघू नका" म्हणत बांगडी मनगटावर सरकवायची. लग्नसराईत तर त्याची मान वर होत नसे. नवऱ्यामुली यायच्या, मागनं आया, मावश्या, आत्या यायच्या, हिरवा चुडा भरला जायचा, आणि उठता उठता त्यातली एखादी बया विचारायचीच, "काय हो परशुरामभाऊ, आपल्या शेवंतीचं जमलं का कुठं?"

जमलं असतं तर सांगितलं नसतं का त्यानं? पेढे वाटले असते सगळ्या पेठेला! पण नाही, विचारायचंच. परशुराम फुटक्या काचा गोळा करत म्हणायचा, "बघतोय." आणि बाई "हं" करून निघून जायची. त्या "हं" मध्ये सगळं यायचं.

पोरीत काही खोट नव्हती. शेवंतीला तेरावं सरत आलेलं. रंग सावळा, पण नाकीडोळी नीटस, कामाला चलाख आणि जिभेला त्याहून चलाख. खोट होती ती पत्रिकेत. आठव्या घरात मंगळ! बसायला दुसरी अकरा घरं मोकळी होती की नाही? पण मेल्याला तेच सापडलं. स्थळं यायची. भिवंडीचं आलं, पनवेलचं आलं, पार अलिबागेहून एक आलं. मुलगी पसंत, घर पसंत, आणि मग पत्रिका हातात घेतली की जोशीबुवा चष्मा पुसायला लागायचे. बुवा चष्मा पुसायला लागले की परशुराम मनातल्या मनात उठून उभा राहायचा. त्याच्या बायकोनं, गंगुबाईनं, मंगळवार धरले, मसुराची डाळ दान केली, मारुतीला तेल घातलं. मंगळ हलला नाही. अलीकडं तर परशुरामाला राग येणंसुद्धा बंद झालं होतं. नुसता थकवा यायचा, गुडघ्यापासून वर चढत जाणारा.

अशात ते मासिक आलं. ठाण्याहून 'विश्वकौतुक' नावाचं मासिक निघायचं. परशुरामाचा बालमित्र त्र्यंबक शाळेत मास्तर होता, त्यानं वर्गणी भरलेली. त्यात 'लोहितांगाची वाट' नावाची कादंबरी तुकड्यातुकड्यानं यायची. लोहितांग म्हणजे मंगळच. लिहिणारा आपलं नाव नुसतं 'तारकादर्शक' एवढंच घालायचा. अंक आला की त्र्यंबकमास्तर संध्याकाळी परशुरामाच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचा. ऐकायला परशुराम, शेजारपाजारचे दोघेतिघे, आणि कल्याणात रेल्वेच्या कारखान्यात सुतारकाम करणारा, ठाण्याजवळच्या माजिवड्याचा अँब्रोज. शेवंती दाराआड, अर्धं अंग आत नि कान बाहेर.

गोष्ट अशी, की एक कोकणी वैद्य तांब्याच्या भल्याथोरल्या फुग्यात बसून मंगळावर जातो. तिथं लाल माती. डोंगरावरचं बर्फ वितळतं आणि लांबच लांब पाटांतून पाणी शेतांना येतं. माणसं आपल्यासारखीच, थोडी उंच. आणि एका पाटाच्या तोंडाशी तांबडी नावाची मुलगी पाण्याची राखण करते. रात्र झाली की ती फळी टाकते, उजाडलं की काढते, आणि त्या वैद्याला म्हणते, तुमच्याकडं पाणी आपोआप आभाळातून पडतं हे मला खरं वाटत नाही. हे वाचलं त्या दिवशी शेवंती दाराआडून खुदकन हसली होती.

त्याच साली, अठराशे ब्याण्णवच्या पावसाळ्यात, ढग फाटले की मंगळ आभाळात निखाऱ्यासारखा दिसायचा. पेठेतल्या बायका पोरींना आत ओढायच्या. पण परशुराम ओट्यावर उभा राहून त्याच्याकडं बघायला लागला. इतकी वर्षं ज्याच्यापुढं नाक घासलं तो एक मुलूख निघाला! तिथं शेतं आहेत, पाट आहेत, पोरी पाणी राखतात. मुलूख कुणाच्या लग्नात कशाला आडवा येईल? भिवंडी कधी कुणाच्या पत्रिकेत बसली होती का?

मार्गशीर्षाच्या अंकात जाहिरात आली. 'लोहितांगाची वाट' आवडीनं वाचणाऱ्यांचा मेळा ठाण्यात भरणार, तारकादर्शक स्वतः येणार, पुढलं प्रकरण वाचणार, शंकांना उत्तरं देणार. जेवणाखाणाची सोय गुणाजीशेट कासार यांच्याकडून. हे नाव ऐकलं आणि परशुरामाचे कान टवकारले. कारण शेवंतीसाठी जे शेवटचं स्थळ लोंबकळत होतं ते याच गुणाजीशेटच्या धाकट्या मुलाचं. मुलगा चांगला, दुकान चांगलं, बायकांनी एकमेकींना बघून घेतलेलं. अडलं होतं मंगळापाशी. गुणाजीशेट "नाही" म्हणाले नव्हते, "विचार करतो" म्हणाले होते. यापुढं स्थळ नव्हतं. गंगुबाईनं स्वच्छ सांगितलं होतं, "हे गेलं तर मग तिजवर, चौथवर बघायचा. पोरीपेक्षा मोठी लेकरं असलेला."

"त्र्यंबक," परशुराम म्हणाला, "मी येतो ठाण्याला. तारकादर्शकांना सगळ्यांसमोर एकच विचारतो. मंगळ मुलीला बाधतो का? ते नाही म्हणाले की गुणाजीशेटना ऐकावंच लागेल. त्यांच्याच मांडवात, त्यांच्याच पाहुण्यानं सांगितलेलं."

"बाधत नाहीच मुळी!" त्र्यंबक म्हणाला. त्याला काय, त्याला मुलगेच होते.

आता कल्याणहून ठाण्याला आगगाडी होती, तासाभरात माणूस पोचायचा. पण त्र्यंबकमास्तरानं घात केला. त्यानं मेळ्यात मांडायला म्हणून मंगळ बनवला. बांबूच्या कामट्या, त्यावर शाळेच्या रद्दीचे थर, वर गेरूचा रंग, आणि निळीनं काढलेले पाट. गणपतीच्या मखरात मावणार नाही एवढा गोळा! स्टेशनमास्तरानं तो बघितला, एकदा गोळ्याकडं, एकदा त्र्यंबककडं, आणि म्हणाला, "हे कुठल्या डब्यात घालू, सांगता?" अँब्रोजनं आपल्या मेव्हण्याची बैलगाडी आणली तेव्हा कुठं त्र्यंबकच्या जिवात जीव आला. परशुरामाच्या मात्र पाठीत आत्ताच कळ आली.

निघताना शेवंती दशम्यांचं फडकं घेऊन गाडीपाशी आली. "बाबा, त्यांना माझं पण एक विचाराल?"

"काय गं?"

"मंगळावरच्या मुलींच्या पत्रिकेत मंगळ कसा असेल? त्या तर त्याच्यावरच उभ्या. मग त्यांच्या आठव्या घरात आपली पृथ्वी बसते का हो?"

परशुराम कित्येक दिवसांत हसला नव्हता, तो हसला. "विचारतो," म्हणाला.

उजाडायच्या आत गाडी डोंबिवलीच्या रस्त्याला लागली. थंडी मरणाची. मागं चादरीत गुंडाळलेला मंगळ, त्याला मिठी मारून त्र्यंबक, पुढं अँब्रोज, आणि मध्ये उरलेल्या जागेत मुडपून बसलेला परशुराम. रस्ता म्हणजे नुसते दगड. एकेका धक्क्याला त्र्यंबक ओरडायचा, "सांभाळून रे, मंगळ!" आणि परशुराम म्हणायचा, "आम्हीपण आहोत रे गाडीत."

काटईच्या पुढं ऊन चढलं नि वाऱ्यानं चादर उडाली. गवताचे भारे घेऊन बाया चाललेल्या, त्यांनी भारे खाली टाकले. एका म्हातारीनं पुढं होऊन गोळ्याला हात जोडले, नातीलाही वाकायला लावलं.

"कंचा देव हाय?"

गप्प बसावं की नाही? पण मास्तर तो मास्तरच. "देव नाही बाई, हा ग्रह. मंगळ. यावर आपल्यासारखीच—"

म्हातारीनं पुढलं ऐकलंच नाही. नातीला मागं खेचलं, कडाकडा बोटं मोडली आणि गाडी दिसेनाशी होईस्तोवर शिव्या घातल्या. "दिवसाढवळ्या पीडा घेऊन हिंडताय, मुडद्यांनो! घरात लेकीबाळी न्हाईत काय तुमच्या?"

अँब्रोज पोट धरून हसला. त्र्यंबक लोकांच्या अज्ञानावर बोलत सुटला.  परशुरामाला मात्र म्हातारीनं नातीचा दंड कसा पकडला होता ते दिसत राहिलं. त्याच्या शेवंतीला बघून आया आपल्या मुलांना अगदी तसंच मागं ओढायच्या.

"परशू, मन कशाला खातोस?" अँब्रोज म्हणाला. "आमचे पोरींना पाद्री येवढंच विचारतो, ख्रिस्तांव हाय ना आनि नात्यात नाय ना. झालं."

"मग सुखी आहात बाबा तुम्ही."

"सुखी कसले! मंगळ नाय, पन सासू हाय ना."

मुंब्र्याच्या डोंगराखालून जाताना चिंचेच्या फांदीनं मंगळाला हातभर भोक पाडलं आणि मास्तराचं तोंड उतरलं. कळव्याचा पूल ओलांडेपर्यंत तो भोकावर तळहात धरून बसला. खाडीचा खारट वास नाकात गेला, बैल फेसाळले होते, आणि परशुरामाच्या पाठीचा तर भुगा झाला होता. देवा, एका मुलीचं लग्न जमवायला माणसानं किती दमायचं?

मुक्काम अँब्रोजच्या घरी, माजिवड्याला. परशुराम आणि त्र्यंबक अंगणात बसले, आपल्या दशम्या आपण खाल्ल्या. तसाच काळ होता तो. अँब्रोजच्या बायकोला, जॉर्जिनाला, ते ठाऊक होतं. तिनं न सोललेली केळी आणि शहाळी पुढं ठेवली, राग मानला नाही. वर खळ शिजवून मंगळाचं भोकसुद्धा बुजवून दिलं. "यो देव नाय ना?" एवढंच तिनं विचारलं, आणि नाही म्हटल्यावर कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाजवळच्या शाळेत मेळा भरला. लोक कुठून कुठून आलेले. वसईचे, पनवेलचे, मुंबईचे. कॉलेजातले दोघे विद्यार्थी तोंडाला गेरू फासून मंगळवासी होऊन आलेले. फुगा तांब्याचा असावा की पितळेचा यावर दोन वकील हमरीतुमरीवर आलेले. त्र्यंबकचा मंगळ मधोमध मांडला तेव्हा जो तो त्याला हात लावून बघायला लागला, आणि मास्तर नव्या नवऱ्यासारखा मिरवायला लागला. पुढल्या रांगेत जरीच्या पगडीत गुणाजीशेट. परशुरामाला बघून त्यांनी मान हलवली. बरी हलवली. परशुरामाला तेवढंही पुरलं.

तारकादर्शक आले आणि सगळ्यांचा थोडा हिरमोडच झाला. वाटलं होतं कुणी तेजःपुंज गृहस्थ असतील. हा माणूस किडकिडीत, कानाला उपरणं गुंडाळलेला, खोकणारा, ठाण्यातल्याच एका शाळेत गणित शिकवणारा. पण वाचायला लागला आणि शाळा गप्प झाली. तांबडी आपल्या पाटावर बसून आभाळातल्या निळ्या चांदणीकडं बघते, तिथं पाणी वरून पडतं म्हणतात, असं ते प्रकरण होतं. परशुरामाच्या डोळ्यांत पाणी आलं. निळी चांदणी म्हणजे आपणच की!

शंका विचारायची वेळ झाली. परशुराम उठला.

"महाराज, मी कासार. मला फार कळत नाही. पण तुम्ही तिथलं सगळं जाणता. मुलीच्या पत्रिकेत मंगळ असला तर तो तिला बाधतो का?"

कुणी हसलं, कुणी हसलं नाही. तारकादर्शक उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "मुळीच नाही. तो मातीचा मुलूख आहे. त्याला तुमच्या मुलीशी काही देणंघेणं नाही. हे मी कुठंही सांगेन."

टाळ्या पडल्या. आणि सगळ्यांत मोठ्या टाळ्या कुणाच्या? गुणाजीशेटच्या! परशुरामाला वाटलं, जिंकलो. तिथंच खाली बसला असता तर पुढलं काही घडलं नसतं. पण आनंदात माणसाचा ताबा सुटतो. त्याला लेकीचं कौतुक वाटलं, दिलेला शब्द आठवला, आणि तो म्हणाला, "आणखी एक. माझी मुलगी विचारते, मंगळावरच्या मुलींच्या आठव्या घरात आपली पृथ्वी बसते का?"

शाळा खदखदून हसली. तारकादर्शक तर खुर्चीचा हात धरून हसले. "वा! बसते, बसते! का नाही बसणार? तिथल्याही कितीतरी मुली आपल्या पृथ्वीपायी घरी बसल्या असतील! पुढच्या प्रकरणात घालतोच हे." परशुरामही हसला. मुलीनं भरल्या सभेत नाव काढलं होतं बापाचं.

जेवणं झाल्यावर गुणाजीशेटनी त्याला विडा दिला आणि बाजूला नेलं. 

"परशुरामशेट, तुमच्याशी उघड बोलतो. मी आज होकार द्यायच्या विचारात होतो."

"होतो म्हणजे?"

"आजवर वाटत होतं, ग्रह म्हणजे ग्रह. त्याची शांत करता येते. भटजी बोलवा, होम करा, दान द्या, मोकळे व्हा. पण हे ऐकल्यापासून माझ्या पोटात गोळा आलाय बघा. तिथं माणसं आहेत! जिवंत! आणि आपल्या पृथ्वीपायी त्यांच्या पोरी बिनलग्नाच्या राहतात. मग ते आपल्या पोरींना सुखानं नांदू देतील होय? मी असतो तर दिलं नसतं. ग्रहाची शांत करता येते हो, माणसांची कशी करायची?"

परशुरामाला वाटलं थट्टा चाललीय. त्यानं शेटच्या तोंडाकडं बघितलं. थट्टा नव्हती. भला माणूस खरोखरच घाबरला होता.

"अहो, पण ते म्हणाले ना, देणंघेणं नाही—"

"ते मातीबद्दल म्हणाले. माणसांबद्दल नाही म्हणाले." गुणाजीशेटनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्या मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे. तुम्हीही बाप आहात. रागवू नका."

रागवायला अंगात काही उरायला तर हवं! परशुराम शाळेच्या पायरीवर जाऊन बसला. तलावात म्हशी डुंबत होत्या. तो त्यांच्याकडं बघत राहिला. लेकीच्या हुशारीनंच लेकीचं घर मोडलं होतं, आणि ते तोंडानं सांगणारा तो स्वतः. तिला जाऊन काय सांगायचं? जोशीबुवांनी मोडलेलं सांगता येत होतं. हे कसं सांगायचं?

तेवढ्यात तारकादर्शक उपरणं सावरत, खोकत बाहेर आले. एकटेच होते. परशुराम उठला आणि त्यांच्यापुढं उभा राहिला. त्यानं सगळं सांगितलं, गुणाजीशेटचं बोलणं अक्षर न् अक्षर. ते आधी हसले, मग हसायचे थांबले.

"अहो, पण ती गोष्ट आहे हो! मी रचलीय. मी कधी दुर्बिणीलासुद्धा डोळा लावलेला नाही. छापून आलेलं इकडचं तिकडचं वाचतो आणि शाळेतून आल्यावर लिहितो."

"ते त्यांना सांगून पटायचं नाही. तुमच्या अंकावर त्यांची श्रद्धा आहे. जे अंकात येईल तेच खरं."

"मग मी काय करू?"

परशुरामानं हात जोडले. आपण काय बोलणार आहोत हे त्यालाही बोलेपर्यंत ठाऊक नव्हतं. "त्यांना मारून टाका."

"कुणाला?"

"मंगळावरच्या माणसांना. पुढच्या अंकात. माणसंच उरली नाहीत की मंगळ पुन्हा नुसता ग्रह होईल. मग शेट शांत करायला तयार आहेत."

तारकादर्शकांनी कानाचं उपरणं सोडून हातात घेतलं. मग पायरीवर बसले, अगदी परशुराम बसला होता तसेच. "तुम्हाला खरं सांगू? मीही दमलोय. रोज शाळा, रोज मंगळ. संपादक म्हणतो, आणखी वर्षभर चालवा. लोक पत्रं धाडतात, असं करा, तसं करा. संपवावी असं मलाही वाटतं. पण मारू कसे? लढाई मला लिहिता येत नाही."

"पाणी आटवा," परशुराम म्हणाला. "डोंगरावर बर्फच नाही पडलं म्हणावं. पाट कोरडे."

"आणि ती तांबडी?"

परशुरामाला दाराआडचं ते हसू ऐकू आलं. त्यानं खाली बघितलं. "सगळी. एकजण जरी ठेवलात तरी गुणाजीशेट विचारतील."

"तुमची मुलगी वाचते?"

"ऐकते."

"तिला कसं वाटेल?"

"तिचं लग्न व्हायचंय, मास्तर," परशुराम म्हणाला. 

परतीच्या वाटेवर त्र्यंबकची टकळी अखंड चालू होती. मंगळ त्यानं शाळेला भेट दिला होता, त्यामुळं गाडीत ऐसपैस जागा झालेली. तरी परशुराम कोपऱ्यातच मुडपून बसला. अँब्रोजनं एकदा मागं वळून विचारलं, "परशू, जमला का रं?" परशुराम म्हणाला, "बघायचं." घरी गंगुबाईनंही तेच विचारलं, तिलाही तेच सांगितलं. शेवंतीनं विचारलं, "माझं विचारलंत?" तेव्हा मात्र त्याला सांगावं लागलं, सगळे कसे हसले, किती कौतुक झालं. ती इतकी हरखली की दोन दिवस घरभर तेच.

माघाचा अंक आला. त्र्यंबक ओट्यावर बसला, वाचायला लागला आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. डोंगरावर बर्फ पडलं नाही. पाट सुकले. गावंच्या गावं पाण्याच्या शोधात निघाली आणि वाटेत पडली. तांबडी आपल्या कोरड्या पाटावर फळी टाकत राहिली, काढत राहिली, आणि एका सकाळी ती उठलीच नाही. कोकणी वैद्य रिकाम्या मुलखातून एकटा परत निघाला. समाप्त.

"हे काय!" त्र्यंबक संतापानं लालबुंद झाला. "हे काय लिहिलंय! वेड लागलंय का त्या माणसाला? परवा तर म्हणाला, पत्रिकेचं घालतो म्हणून! एकालासुद्धा जिवंत ठेवलं नाही!" त्यानं अंक आपटला आणि तरातरा निघून गेला. दाराआड काही हललं नाही. त्या रात्री शेवंती जेवली नाही. गंगुबाई चिडली, "कोण कुठले मेले, त्यांचं सुतक तू पाळतेस होय गं!" परशुरामानं बायकोला गप्प केलं, पण मुलीपाशी जायचं त्याचं धाडस झालं नाही.

चारसहा दिवसांनी अँब्रोज माजिवड्याहून आला. ओट्यावर गिऱ्हाईक होतं तरी रस्त्यातूनच ओरडला, "परशू, मिठाई काढ! गुणाजीशेट स्वता भेटले. सांगितलाय, आता वर कोन ऱ्हायला नाय, तर काय हरकत नाय. साधी शांत करू आनि मुहूर्त काढू!"

गंगुबाई आतून धावत आली. तिला हसू की रडू कळेना, तिनं देवापुढं साखर ठेवली, अँब्रोजच्या हातावर ठेवली, ओट्यावरच्या अनोळखी बाईच्या हातावरही ठेवली. पेठेत बातमी पसरायला वेळ लागला नाही. बायका आल्या, हसल्या, "आम्हाला ठाऊकच होतं" म्हणाल्या. परशुराम सगळ्यांना हात जोडत राहिला. अंगावरचं ओझं उतरलं की माणसाला हलकं वाटतं म्हणतात. त्याला तर उभंसुद्धा राहवेना.

सगळे गेल्यावर तो आत आला. शेवंती चुलीपाशी बसली होती. तिनं अँब्रोजचा शब्द न् शब्द ऐकला होता, आणि पोर हुशार, तिला दोनदा सांगावं लागत नसे.

"बाबा," ती म्हणाली, "माझ्यापायी मेले का हो ते सगळे?"

परशुरामाला खोटं बोलता आलं असतं. गोष्ट आहे गं ती, असं म्हणता आलं असतं. तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला.

"हो," म्हणाला.

शेवंतीनं मान हलवली. मग चुलीतलं लाकूड मागं ओढलं, पदराला हात पुसले आणि विचारलं, "मुहूर्त कधीचा धरायचा म्हणतायत?"